एक जूनची माणिक

मी, श्रीमती सुलक्षणा बाळ केळुसकर, वय ५४ वर्षे, नोकरी मराठी शाळेत मुख्य लिपिक, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि कुणाच्याही भिडेला न पडता लिहून ठेवत आहे. माझे डोके शाबूत आहे. तसा डॉ. रुचिरा कामत यांचा दाखला सोबत जोडला आहे, पण ज्यांना शंका असेल त्यांनी माझे अक्षर पाहावे. एकतीस वर्षे शाळेचे जनरल रजिस्टर लिहिले, अजून ओळ सोडून जात नाही.

वकील सर्वेश प्रभू यांनी नमुन्यादाखल एक छापील मृत्युपत्र दिले होते. त्यात नश्वर देह, ईश्वरी इच्छा वगैरे शब्द होते. ते मी गाळले आहेत. बाकी कलमांचा क्रम त्यांचा, मजकूर माझा.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज वाटली नव्हती, कारण येत्या काळात मला कायद्याने मुलगी असेल असे मी धरून चालले होते. १७ जून २०२५ रोजी ते संपले. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिचे घर नवऱ्याच्या नातेवाइकांकडे जाते. म्हणजे माझे दीर भाऊराव आणि त्यांचा मुलगा सुयोग यांच्याकडे. जी मुलगी या घरात आठ वर्षे वाढली तिला कायदा ओळखत नाही. तिला उद्या कुणी बॅग भरायला सांगितले तर तिच्याकडे दाखवायला एक चिठ्ठीही नाही. म्हणून हा कागद.

२. माझ्या पोटातला कर्करोग ऑगस्टमध्ये कळला आणि तो यकृतापर्यंत गेला आहे. डॉक्टरांनी होळीपर्यंतचे बोलणे केले. मी जास्त विचारले नाही. हे इथे एवढ्यासाठी लिहिले की पुढे कुणी असे म्हणू नये, आजाराने खचली होती, पोरीने लिहून घेतले. पोरीला हा मजकूर कसा आहे हेही पुरते माहीत नाही.

३. मुलुंड पूर्व येथील तिसऱ्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची सदनिका, तिच्यातील सर्व सामानासह, सोसायटीतील भागांसह, मी माणिक धाकू शेडगे हिला देत आहे. पूर्ण मालकीने. तिने तिथे राहावे, भाड्याने द्यावी, विकावी. माझा फोटो भिंतीवर लावण्याची अट नाही.

माणिक आमच्याकडे जून २०१७ मध्ये आली. मला मूल झाले नाही. दत्तकाच्या यादीत आम्ही चार वर्षे उभे होतो आणि मग बालकल्याण समितीकडून विचारणा झाली की एक मोठी मुलगी आहे, सांभाळायला घ्याल का. कागदावर याला प्रतिपालकत्व म्हणतात, बोलताना सगळे फॉस्टर म्हणतात. मूल तुमच्या घरी राहते, तुमच्या ताटात जेवते, तुमच्या शाळेत जाते, पण तुमचे नसते. समाजसेविका दीप्ती वाळके दर तीन महिन्यांनी येऊन स्वयंपाकघरातले डबेसुद्धा बघून जायच्या. आधी मला राग यायचा. नंतर मी त्यांच्यासाठी घावने करून ठेवू लागले.

माणिकची आई ती पाच वर्षांची असताना वारली. वडील धाकू शेडगे देवनारला कचऱ्यातून प्लॅस्टिक निवडण्याचे काम करायचे आणि पीत असत. समितीने मुलगी संस्थेत ठेवली. दत्तक द्यायची तर वडिलांची संमती हवी, आणि ती ते देत नव्हते. "सांभाळा. पन ती माजीच हाय," एवढेच म्हणायचे. माझे यजमान बाळ दर महिन्याला त्यांच्याकडे जाऊन यायचे. मी कधी गेले नाही.

पहिल्या दिवशी माणिकने मला मॅडम म्हटले, कारण संस्थेत सगळ्या बाया मॅडमच. पुढची चार वर्षे मी मॅडमच होते. बाळ दुसऱ्या आठवड्यात काका झाले.

४. माझे दीर भाऊराव केळुसकर आणि पुतण्या सुयोग यांना मी काहीही देत नाही. विसरले म्हणून नव्हे, आठवून देत नाही.

कारण लिहायची गरज नाही असे वकील म्हणाले, पण मी लिहिणार आहे. २०१८ च्या गणपतीला आम्ही माणिकला घेऊन गावी गेलो. आमच्याकडे आरती झाली की घरातल्या मोठ्याने देवासमोर गाऱ्हाणे घालायचे असते. घरच्या एकेका माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. भाऊरावांनी सगळ्यांची नावे घेतली. मुंबईतला दूरचा चुलतभाऊ घेतला, गोठ्यातली गाभण म्हैस घेतली. माणिकचे घेतले नाही. बाळने हळूच आठवण केली तर देवासमोरच म्हणाले, "तिचा नाव कित्या? ती काय घरातली?" माणिक माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. तिला तोवर मालवणी कळत नाही असे आम्हाला वाटायचे. मुंबईला परत येताना तिने बाळला विचारले, "काका, म्हशीचं नाव काय होतं?"

त्या दिवशी मी गप्प बसले. मोठ्या दिरासमोर बोलायची सवय नव्हती. ही गोष्ट मी भाऊरावांच्या खात्यावर टाकली आहे, पण थोडी माझ्याही आहे.

सुयोग यंदा ऑगस्टमध्ये, माझा रिपोर्ट आल्यानंतर आठ दिवसांनी, पेढे घेऊन भेटायला आला. सात वर्षांत पहिल्यांदा. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटूनच वर आला हे मला खालून कळले. "काकी, तू टेन्शन घेऊ नको, आम्ही आहोत ना घर बघायला." त्याने घराबद्दल काळजी दाखवली याची नोंद घ्यावी. पेढे मी वॉचमनला दिले.

५. बाळची हत्यारे. बाळ लिफ्ट दुरुस्तीचे काम करायचे. पाने, पकडी, मीटर, टेस्टर, ड्रिल मशीन आणि हिरव्या लोखंडी पेटीतले सगळे माणिकचे. तसे ते आधीच तिचे आहे. ती दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर बसून शेजाऱ्यांचे मिक्सर उघडायची. पहिल्यांदा जोडताना तीन स्क्रू उरले तेव्हा बाळ म्हणाले, "झकास. पुढच्या वेळी दोन उरव." ती आज आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिकते त्याला मी कारण नाही, ते आहेत.

बाळ एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. हॉस्पिटलात आत कुणाला सोडत नव्हते. मी खाली फुटपाथवर बसून होते आणि माणिक घरी एकटी. दुपारी आतून निरोप आला. मी घरी फोन लावला, पण मला बोलता येईना. पलीकडून ती म्हणाली, "आई, तू तिथंच थांब. मी येते." रिक्षा बंद होत्या. ती चालत आली. आई हा शब्द मला त्या दिवशी मिळाला, आणि कुठल्या दिवशी मिळाला हे मला रोज आठवते.

६. बँकेतील ठेवी, भविष्य निर्वाह निधी आणि नोकरीचे जे काही मिळेल ते सर्व माणिकला. माझ्या दोन पाटल्या दीप्ती वाळके यांना. त्या घेणार नाहीत, तरी द्याव्यात. मंगळसूत्र विकून माणिकला चांगले बूट घ्यावेत. इलेक्ट्रिशियनचे काम चपलांवर करायचे नसते.

७. आता हे कलम. वकिलांनी ते मृत्युपत्रात नको, वेगळ्या पत्रात लिहा असे सुचवले. वेगळे पत्र हरवते.

आमच्या शाळांमध्ये जुनी रीत आहे. मुलाच्या जन्माचा दाखला नसेल, आईबापांना तारीख आठवत नसेल, तर लिपिक एक जून टाकतो. शाळा जूनमध्ये सुरू होते, वयाचा हिशेब सोपा बसतो, कुणी काही विचारत नाही. कुठल्याही मराठी शाळेचे जुने रजिस्टर उघडा, एक जूनला जन्मलेली मुले ढिगाने सापडतील. त्यातली कितीतरी माझ्या अक्षरात आहेत. मला त्यात कधी काही वावगे वाटले नाही.

माणिकला घेऊन मी शाळेत गेले तेव्हा संस्थेच्या कागदावर "अंदाजे नऊ ते दहा वर्षे" एवढेच होते. महापालिकेत शोध घेतला तर नोंद मिळेल, थोडे थांबा, असे दीप्ती म्हणाल्या होत्या. मला थांबायचे नव्हते. मला त्याच दिवशी तिचे नाव माझ्या शाळेत, माझ्या रजिस्टरमध्ये हवे होते. मी पेन उघडले आणि १ जून २००७ लिहिले. अंगाने उंच होती, म्हणून सात साल धरले.

पुढे वर्षे गेली. बाळ गेल्यावर दत्तकाची फाईल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, कारण जोडप्याची फाईल एकटीच्या नावाने चालत नव्हती. मग गेल्या वर्षी नियम बदलले, एकट्या बाईला वाट मोकळी झाली. या मार्चमध्ये धाकू शेडगे स्वतःहून आमच्या दारात आले. दारू सुटली होती, पण फुप्फुसे गेली होती. म्हणाले, "माजं काय खरं नाय आता. तुमचं नाव लागू द्या तिला." संमतीचा अर्ज भरलेला माझ्याकडे तयारच होता. मी तो त्यांना पॅसेजमध्ये उभ्या उभ्याच वाचून दाखवला. जन्मतारखेपाशी त्यांनी मला थांबवले.

"ही तारीख कोनी घातली बाई? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झाली ती. दवाखान्यात पनत्या लावल्या होत्या नर्सांनी."

मी म्हणाले, "कागदावर आहे तीच धरतात."

ते गप्प झाले. शिकलेल्या बाईने सांगितले म्हणून गप्प झाले. अंगठा केला आणि गेले.

मला त्याच क्षणी कळले होते. २००७ची दिवाळी नोव्हेंबरात होती, म्हणजे पाच महिने. दत्तकाचा हुकूम मूल अठराचे व्हायच्या आत व्हावा लागतो. माझ्या तारखेने ती एक जूनला अठरा होणार होती, खऱ्या तारखेने दिवाळी उलटल्यावर. मार्चमध्ये माणिक अजून शाळेत होती, उशिरा शाळेत आल्याने तिची दहावीची परीक्षा आत्ता चालू होती. मूल शाळेत असेपर्यंत रजिस्टरमधली तारीख पुराव्याने दुरुस्त करता येते. शाळा सोडली की नाही. हा नियम मी कितीतरी पालकांना खिडकीतून तोंडावर ऐकवला आहे.

मी दुरुस्ती केली नाही. दोन कारणे होती आणि दोन्ही लिहिते. एक, सुनावणी वीस मेला लागली होती आणि तारखेचा घोळ काढला तर फाईल अडकेल अशी भीती. दुसरे, दुरुस्तीच्या अर्जावर मला लेखी द्यावे लागले असते की ही तारीख मी, मुख्य लिपिकाने, माझ्याच घरातल्या मुलीसाठी मनाने टाकली. एकतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात लाल शाई नाही. मी स्वतःला पहिले कारण सांगत राहिले. खरे दुसरे होते.

वीस मेची सुनावणी जिल्हाधिकारी साहेब दुसऱ्या कामावर गेल्याने पुढे गेली. १७ जूनला आम्ही आत गेलो. माणिकने बाळचे मनगटी घड्याळ घातले होते. आयटीआयचा अर्ज तिने पिशवीत आणला होता, नावाची जागा सोडून बाकी सगळा भरलेला. साहेबांनी शाळेचा दाखला पाहिला आणि म्हणाले, ही तर सोळा दिवसांपूर्वी सज्ञान झाली, आता माझ्या हातात काही नाही. चांगला माणूस होता, दोनदा वाईट वाटले म्हणाला. तिथेही मी तारखेबद्दल तोंड उघडले नाही. माणिकने बाहेरच्या बाकावर बसून अर्जातले नाव भरले. माणिक धाकू शेडगे. मग म्हणाली, "चल, ट्रेन पकडू. गर्दी व्हायच्या आत."

जुलैमध्ये दीप्तींनी खटपट करून महापालिकेची नोंद काढली. स्त्री, ९ नोव्हेंबर २००७. तोवर शाळा सुटली होती. वय ठरवताना कायदा शाळेचा दाखला आधी धरतो, महापालिकेचा तो नसेल तर. वकील प्रभूंनी तरी तारीख दुरुस्तीचा अर्ज लावला, तारखा पडत गेल्या. गेल्या रविवारी नऊ नोव्हेंबर झाला. आता ती सगळ्याच तारखांनी अठराची आहे आणि अर्जात काही अर्थ उरलेला नाही.

ही चूक संस्थेची नाही, समितीची नाही, साहेबांची नाही. माझी आहे. हे मी मेल्यावर कळावे असे ठरवले होते, पण ते भेकडपणाचे झाले असते. ऑक्टोबरच्या सहा तारखेला, ती आयटीआयमधून आली तेव्हा, मी तिला समोर बसवून सांगितले.

ती बूटही काढायचे विसरली. "मार्चमध्ये कळलं होतं तुला?"

"हो."

"बाबांनी सांगितलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हणाले की फाईल अडकली असती.

"आणि आता काय झालं?"

दुसरे कारणही मी सांगितले. ते तिने ऐकून घेतले. चिडली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे घेऊन देवनारला वडिलांकडे गेली. मी तिला दोष देत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती येते, मला हॉस्पिटलात नेते, केसपेपर काढते, सलाइन संपेपर्यंत बसते आणि घरी सोडून जाते. त्या दिवसापासून तिने मला कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही.

८. धाकू शेडगे यांना या घरात येण्यास कुणीही अडवू नये. मी आठ वर्षे त्यांना पॅसेजमध्ये उभे केले. एकदाही आत बसा म्हटले नाही. चहा दिला तोही वेगळ्या कपात. बाळ त्यांच्या खोपटात जमिनीवर बसून जेवून यायचे आणि ते आल्यावर मी त्यांना आंघोळ करायला लावायचे. मला याची लाज वाटते. माणिकने वडिलांना इथे आणून ठेवले तर उजेडाची खोली त्यांना द्यावी.

९. माझ्या शाळेच्या व्यवस्थापनास: कलम ७ ही माझी लेखी कबुली समजावी. सेवापुस्तकात काय नोंद करायची ती करावी. आणि ज्या मुलांच्या नावापुढे माझ्या अक्षरात एक जून आहे आणि जी अजून शाळेत आहेत, त्यांच्या आईबापांना बोलावून एकदा नीट विचारावे. आईबापांना आठवते. विचारणाऱ्याने घाई केलेली असते.

१०. मला विद्युतदाहिनीत न्यावे. सुयोगने पुढे होऊ नये, मडके धरू नये, दिवस घालू नयेत. गावी देवासमोर माझ्या नावाने गाऱ्हाणे घालू नये. माणिक आली तर तिला पुढे उभे करावे, नाही आली तर फोन करून करून बोलावू नये. तिच्या कामाचा दिवस असेल तर कामावर जाऊ द्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीप्ती वाळके यांनी करावी. त्यांनी तसे कबूल केले आहे. सुयोगने कोर्टात हरकत घेतली तर हे सर्व कलमांसहित मोठ्याने वाचले जाईल, ते चालेल का हे त्याने आधी वडिलांना विचारून घ्यावे.

११. लाभार्थीचा तपशील. वकिलांच्या नमुन्यात हा शेवटी आहे.

नाव: माणिक धाकू शेडगे.
जन्मतारीख: शाळेच्या दाखल्यावर १ जून २००७. महापालिकेच्या नोंदीत ९ नोव्हेंबर २००७. दुसरी खरी.
पत्ता: सध्या वडिलांकडे, देवनार.
लिहून देणारीशी नाते:

इथे वकिलांनी टंकलेल्या मसुद्यात "मानसकन्या" असा शब्द घातला होता. हा एक रकाना मी तिला न विचारता भरणार नव्हते. काल मंगळवारी हॉस्पिटलच्या बाकावर मी कागद तिच्यापुढे धरला आणि विचारले, इथे काय लिहू. तिने तो शब्द बोटाखाली धरून वाचला. नंबर पुकारला गेला, तरी ती उठली नाही.

"काही लिहू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या हातानं नको."

म्हणून जागा कोरी आहे. कायदेशीर कागदात कोरी जागा सोडू नये, आडवी रेघ मारून बाजूला सही करावी, असे वकील प्रभू यांनी दोनदा सांगितले. मी रेघ मारलेली नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मर्जीबरहुकूम आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी त्यावर सही करीत आहे.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

लिहून देणार
(सही) सुलक्षणा बाळ केळुसकर

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:

१. (सही) डॉ. रुचिरा कामत, मुलुंड पश्चिम. सही करतेवेळी लिहून देणार शुद्धीत व सावध होत्या.
२. (सही) नाना तेली, शेजारी, तिसरा मजला